शौर्यच्या दातांना जामीन

शिबिराच्या पहिल्याच दिवशी, सकाळचे दहा वाजायच्या आत तीन मारामाऱ्या झाल्या. एका पोराचं कोपर फुटलं, एका पोरीच्या शेंडीतले बटभर केस दुसरीच्या मुठीत आले, आणि तिसऱ्या मारामारीत शौर्यनं प्रणीतच्या गालाचा असा चावा घेतला की रक्त हनुवटीवरून ओघळत पांढऱ्या टी-शर्टवर आलं. आणि शिबिर भरवलेलं कशासाठी? तर लहान पोरांनी एकमेकांत मिसळावं म्हणून!

हे सगळं घडलं होसकोटेच्या पलीकडच्या एका आंबराईत. शिबिर भरवणारी भव्या. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात तिची बालवाडी. बाई मूळची चामराजपेटेतली, तिकडच्या जुन्या मराठी घरातली. तीनशे वर्षं कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेलं तिचं मराठी, त्यामुळे बोलताना दर दुसऱ्या वाक्याला ‘जरा’च्या जागी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ पडायचंच. तिच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची अठरा पोरं. एकेकाचं घर चौदाव्या मजल्यावर, आईबाप दोघंही कंपनीत, आणि पोराच्या हातात दिवसभर चकाकणारी पाटी. पोरं हुशार किती म्हणाल, तर डायनासोरची नावं घडाघडा म्हणतील. पण शेजारच्या पोराच्या हातातला चेंडू मागायचा कसा, ते कुणाला माहीत नाही. मागायचा कशाला? ओढायचा. नाही सुटला तर मारायचं.

भव्यानं हे दोन वर्षं पाहिलं आणि एप्रिलच्या सुट्टीत पाच दिवसांचं उघड्यावरचं शिबिर ठरवलं. सकाळी बसनं जायचं, दुपारी परत. पुस्तकांत वाचून तिनं छान छान खेळ काढले होते. एक लांब दोर, त्याला अठरा गाठी, प्रत्येकानं एक गाठ धरून झाडांमधून रांगेनं चालायचं. हा दोर पाच मिनिटांत एका पोराच्या गळ्यात आणि दुसऱ्याच्या पायात. एक मोठं रंगीत कापड, ते सगळ्यांनी मिळून धरून वर चेंडू उडवायचा. ते कापड दोन पोरींनी दोन टोकांनी असं खेचलं की मधली सहा पोरं तोंडावर आपटली. शेवटचा खेळ, दोघांत एक बादली. दोघांनी मिळून पाणी न सांडता झाडाला घालायचं. शौर्य आणि प्रणीत, एक बादली. ती बादली प्रणीतनं शौर्यच्या डोक्यात घातली.

इथं ठकुबाई आली.

ठकुबाई म्हणजे बालवाडीतली आया. वय अठ्ठावन्न, अंगानं काटक, नऊवारी नेसायची ती गुडघ्याच्या जरा खालीच. गाव निपाणीजवळचं. बाप मल्लाप्पा हा गावच्या तालमीचा वस्ताद. त्याला मुलगा नव्हता, ही एकच पोर. तालमीच्या हौद्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही हा तिथला नेम, पण हौद्याची माती तयार करायची कोणी? ठकुनं! मातीत ताक ओतायचं, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा, आणि काठावर बसून लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढत बसायचं. असं तिनं लग्न होईपर्यंत केलं. डाव एकही खेळली नाही, पण पाहिले हजार. कुणाचा पाय कुठं पडला की तो कुठल्या कुशीवर जाणार, हे तिला पैलवानाच्या आधी कळायचं. एकदा जत्रेच्या फडात निकालावरून दोन गावांची जुंपली, पंचाचं डोकं फुटलं, खुर्च्या उडाल्या. दहा वर्षांची ठकु ढोलाखाली बसून कुणी कुणाला कुठं हाणलं ते मोजत होती, आणि नंतर पोलिसांना तिनं सगळं क्रमानं सांगितलं. फौजदारानं म्हणे लिहिता लिहिता दोनदा शाई भरली.

नवरा गेल्यावर ती बंगळूरला आली, ती आजतागायत. एकदा शिवाजीनगरच्या बसमध्ये एका माणसानं मागून नको तिथं हात लावला. ठकुबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते बोट धरलं आणि उलटं वाकवलं. बस थांबली ती थेट त्याच्या किंचाळीनं. कंडक्टर विचारतोय काय झालं, काय झालं, तर बाई म्हणाल्या, “ह्यांचं बोट हरवलं हुतं, घावलं बघा.”

तर अशी ही बाई. पोरांना ती आवडायची, कारण ती घाबरायची नाही. पण त्या दिवशी तिची चूक झाली, आणि चूक अशी की ती दुसऱ्या कुठल्या आयेनं केलीच नसती.

बादली डोक्यात बसल्यावर शौर्यनं प्रणीतला कंबरेत मिठी घातली आणि दोघं खाली गेले. महानंदा टीचर, विशीतली पोर, पळत निघाली सोडवायला. ठकुबाईनं हात आडवा धरला. “थांब गं. पाठ लागू दे.”

“अक्का, अहो मारतायत ते एकमेकांना!”

“मारू देत की. जोड बराबरीची हाय. पाठ लागल्याबिगर मधी पडायचं नसतंय.”

तालमीतला नेम. पाठ मातीला टेकेपर्यंत तिसऱ्यानं हात घालायचा नाही, मग आत बाप असो की भाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा तो नेम तिच्या हातात असा मुरला होता की हात आपोआप वर गेला. आणि तेवढ्या दोन क्षणांत शौर्यनं तोंड उघडलं.

प्रणीतची किंकाळी आंबराईभर गेली. कावळे उडाले. शौर्यला ओढून काढायला दोघी लागल्या. त्याच्या दातांना रक्त होतं. भव्या धावत आली, तिनं प्रणीतला उचलला, गालावर कापूस दाबला. ठकुबाई शौर्यकडे वळली.

चार वर्षांचं पोर. डोळे गच्च मिटून, उजवा गाल पुढं काढून उभं होतं. थोबाडीत खायला तयार. कुणी काही म्हणायच्या आत, सवयीनं.

भव्या म्हणाली, “ठकुअक्का, त्याला बसमध्ये बसवा. मी त्याच्या आईला फोन करते. झालं आता.”

‘झालं आता’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. शौर्यला आधीच तीन बालवाड्यांनी काढलं होतं. एका ठिकाणी कान, एका ठिकाणी टीचरचं बोट, तिसरीकडे वाढदिवसाच्या पोराचा खांदा, तोही केक कापताना. त्याची आई शिवलीला बेळगावकडची, एकटीच राहायची पोराला घेऊन, आयटी पार्कात नोकरी. मार्चमध्ये ती भव्यापुढे हात जोडून रडली होती, “मॅडम, तुमच्याशिवाय आता कुठंच जागा नाहीये. प्लीज. बोलत नाही तो फारसा, एवढंच. वाईट नाहीये हो.”

महानंदानं कळवल्याबरोबर प्रणीतच्या बापाचा फोन आला. रणजीत त्याचं नाव, शिवाजीनगरात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आवाज हॉर्नसारखा. फोन कानाला न लावता सगळ्यांना ऐकू आला. “मॅडम, ते चावरं पोर शाळेत राहिलं तर मी माझं काढतो! आणि आमच्या बिल्डिंगमधली अजून चार काढतो! माणसांची शाळा आहे की काय आहे?”

भव्यानं फोन ठेवला. ठकुबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. “मॅडम, चूक माझी हाय. महानंदा सोडवत हुती, मी अडवली.”

“अक्का, पण दात तुमचे नव्हते ना!”

“हे पाच दिस ऱ्हाऊ द्या ह्याला. ह्या पाच दिसांत ह्याचा दात कुणाच्या अंगाला लागला, तर ह्यो बी जाईल आन मी बी जाईन. मी जामीन.”

भव्यानं तिच्याकडे बघितलं. ठकुबाई राहायची बालवाडीतल्याच मागच्या खोलीत. नोकरी गेली की खोलीही गेली, आणि या गावात तिला दुसरं छप्पर नव्हतं. “स्वल्प विचार करून बोला, अक्का.”

“केला.”

“सरी,” भव्या म्हणाली. “पण एक दात. एकच. मग मी ऐकणार नाही.” आणि रणजीतलाही तिनं फोनवर हाच शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ठकुबाई बसमध्ये चढली ती दोन कॅन ताक, हळदीची पुडी आणि डझनभर लिंबं घेऊन. आंबराईच्या कोपऱ्यात, सावलीला, तिनं काठीनं एक चौकोन आखला. लहान, खाटेच्या दुप्पट. “खणा,” ती पोरांना म्हणाली.

प्रणीत घरी, म्हणून सतरा पोरं आणि सतरा प्लास्टिकची खोरी. खणणं म्हणजे काय ते पोरांना शिकवावं लागत नाही. पहिल्या झटक्याला माती एकमेकांच्या डोळ्यांत, दुसऱ्याला खोरं एकाच्या अंगठ्यावर. दोघं रडले. पण मातीतले खडे वेचायचे होते, आणि मोठा धोंडा निघाला तो एकट्याला हलेना. चार पोरांनी ढुंगणावर बसून तो पायांनी ढकलला. मग ताक ओतलं, हळद टाकली, आणि ठकुबाई म्हणाली, “आता तुडवा.”

ओल्या मातीत उघडे पाय सरकतात. पहिलं पोर घसरलं, त्यानं शेजारचीचा हात धरला. शेजारचीनं पुढच्याचा सदरा. थोड्या वेळानं सतरा पोरं एकमेकांच्या खांद्यांना लोंबकळत गोल गोल फिरत होती आणि ओरडत होती. मिसळा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भव्या दोराची गुंडाळी हातात घेऊन नुसती बघत राहिली.

माती तयार झाल्यावर ठकुबाईनं काठावर उभं राहून कायदा सांगितला, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये, उरलेला हातांनी. स्वतः तिनं आत पाय ठेवला नाही. “दोघांनी जायचं. आधी मूठभर माती दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग धरायचं. दात न्हाई, नख न्हाई, केस न्हाई. पाठ लागली की संपलं. ज्यानं पाडलं त्यानं पडलेल्याची पाठ झाडायची. झाडली न्हाई तर त्यो हरला.”

“अक्का, पालक बघतील तर माझी शाळा बंद करतील,” भव्या हळूच म्हणाली. “कुस्ती? चार वर्षांची पोरं?”

“मारामारी तर काल बी झाली की. कायद्याबिगर झाली. आज कायद्यानं हुईल.”

आणि झाली! काय झाली म्हणून सांगावं. एक तेलुगू घरातली गुबगुबीत पोर होती, एरवी आईच्या ओढणीला चिकटलेली. तिनं लागोपाठ तिघांना लोळवलं आणि प्रत्येकाची पाठ इतक्या जोरात झाडली की झाडताना ते पुन्हा पडले. एक पोर हरल्यावर लोळून रडलं, उठलं आणि त्याच पोराचा हात धरून ‘पुन्हा’ म्हणालं. नाक फुटलं, गुडघे सोलले, एकाच्या ओठाला खोक पडली. काठावरची पोरं ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत नावं घेत होती. आदल्या दिवशी ज्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, ती ही पोरं.

शौर्य काठावर, हाताची घडी घालून. ठकुबाईनं त्याला पुढं केलं. समोर एक उंच पोर. शौर्यनं माती दिली, धरलं, आणि तो खाली जायला लागला तसं त्याचं तोंड उघडलं.

“दात!” ठकुबाई गरजली.

तोंड मिटलं. इतकं गच्च मिटलं की नाकातून श्वास बैलासारखा फुसफुसला. पाठ लागली, हरला, आणि त्या उंच पोरानं त्याची पाठ झाडली. शौर्यनं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. मारायला उठलेला हात नसून झाडायला उठलेला हात, हे त्याला कळायला जरा वेळ लागला.

त्या दुपारी पोरं डबे खात असताना ठकुबाईनं त्याला बाजूला घेतलं. “हे बघ लेकरा. तोंड शिवशिवलं ना, की मातीला चाव. माती कुणाच्या आईकडं जाऊन सांगत न्हाई.”

शौर्यनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. त्याच्याकडून बोलण्याची कुणी अपेक्षाही करत नसे.

तिसऱ्या दिवशी जीव टांगणीला लागला. एका जाड पोरानं शौर्यच्या छातीवर गुडघा दिला. शौर्यचं डोकं मागं, त्या पायाची पोटरी बरोबर तोंडापुढं. जबडा उघडला. दात पोटरीला टेकतात की काय! ठकुबाईला ओरडायला सवडच मिळाली नाही. महानंदानं डोळे झाकले. मग शौर्यनं मान वळवली आणि बाजूच्या मातीचा हा एवढा घास घेतला. लाल थुंकी थुंकत उठला, खोकला, आणि पुन्हा वाकला, पोराच्या कंबरेला भिडला. या वेळी पाठ त्या जाड्याची लागली. शौर्यनं ती झाडली. नंतर सगळ्यांकडे बघून दात दाखवले. मातीनं माखलेले, लाल, पण रक्ताचे नाहीत.

“पाडला,” तो म्हणाला. शिबिरात काढलेला हा त्याचा पहिला शब्द.

चौथ्या दिवशी प्रणीत गालाला पट्टी लावून आला. बाप पाठवत नव्हता, पण पोरानं घरी जेवण टाकलं म्हणे, कारण त्याच्या बिल्डिंगमधल्या चार पोरांनी त्याला मातीचं सगळं सांगितलं होतं. आल्या आल्या त्यानं शौर्यच्या पोटात बुक्की मारली. शौर्य दुमडला. शौर्य सावकाश सरळ झाला, प्रणीतचा दंड धरला आणि त्याला ओढत हौद्याकडे नेला. मूठभर माती त्याच्या हातात कोंबली. मग दोघं भिडले, आणि दिवसभर तेच चाललं. तीनदा हा, तीनदा तो. दुपारी बसमध्ये दोघं एकाच सीटवर, एकमेकांच्या अंगावर पडून, घामट, झोपलेले.

ठकुबाईनं मनात म्हटलं, आता एकच दिवस.

पाचव्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. झाडाखाली खुर्च्या, लिंबूसरबत, भव्याचं छोटं भाषण. शिवलीला सुट्टी टाकून आली होती, मागच्या रांगेत अंग चोरून बसली होती. रणजीतचा पत्ता नव्हता, त्याचं दुकान. भव्यानं मुद्दाम आधी गाणी घेतली, मग दोर घेतला, अठरा पोरं अठरा गाठींना धरून झाडांतून सापासारखी वळत गेली, एकही पडलं नाही. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरंच ओरडायला लागली, “माती! माती!”

सहावी जोड शौर्य-प्रणीत. रंगात आलेली. प्रणीत खाली, शौर्य वर, काठावरची पोरं बेभान, आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी रणजीतची गाडी थांबली.

त्या माणसाला काय दिसलं? गालाला पट्टी लावलेला आपला पोरगा चिखलात उताणा, आणि त्याच्या छातीवर तेच चावरं पोर. त्याला कायदा माहीत नव्हता, माती माहीत नव्हती. तो खुर्च्या उधळत आला, हौद्यात शिरला, शौर्यचा दंड पकडला आणि त्याला एका हातानं वर उचलला. पोर हवेत लोंबलं. खांद्यातून कट्ट असा आवाज आला. शौर्य किंचाळला.

“परत? परत हात लावतोस माझ्या पोराला?”

शिवलीला मागच्या रांगेतून आली कशी ते कुणालाच दिसलं नाही. तिच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. ती तिनं रणजीतच्या भुवईवर घातली. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं आंधळेपणानं कोपर फिरवलं ते तिच्या तोंडावर बसलं, ती खुर्च्यांवर कोसळली. महानंदा मध्ये आली, तिला धक्का, ती सरबताच्या टेबलासकट आडवी. काचा फुटल्या. पोरांची रडारड. प्रणीत खालून बापाचा पाय धरून ओरडत होता, “अप्पा, सोड! अप्पा, खेळतोय!” पण त्या गोंधळात चार वर्षांच्या पोराचं कोण ऐकणार? आणि शौर्य अजून त्याच्या मुठीत, हवेत, दंड पिळलेला.

ठकुबाईनं हौद्यात पाय ठेवला.

“पोरगं खाली ठेव,” ती म्हणाली.

“ए मुदुकी, सरक!”

म्हातारीला म्हातारी म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. तिची नजर त्याच्या पायांवर होती. डावा पुढं, भार उजव्यावर, माती ओली. हजार कुस्त्या काठावरून पाहिलेल्या बाईनं आयुष्यातला पहिला डाव टाकला. खाली वाकली, दोन्ही हातांनी त्याची डावी टाच ओढली आणि डोकं मांडीत खुपसून पुढं रेटलं. नव्वद किलोचा गडी तोडलेल्या झाडासारखा गेला.

पण डाव पाहणं निराळं आणि पडणाऱ्या अंगाखालून निसटणं निराळं. तो पडला तो अर्धा तिच्यावरच. तिचं मनगट खाली सापडलं आणि उसाचं कांडं मोडावं तसं मोडलं. दुसरा हात त्याच्या पाठीखाली अडकला. आणि एवढं होऊनही त्याची मूठ सुटली नव्हती. शौर्यचा दंड त्या मुठीतच, पीळ वाढतच चाललेला, पोराचा चेहरा पांढरा. रणजीतचा दंड शौर्यच्या तोंडापासून चार बोटांवर होता. शौर्यनं जबडा उघडला, ठकुबाईकडे बघितलं, आणि मिटला.

ठकुबाईला हात नव्हते, पाय नव्हते. तोंड मोकळं होतं. तिनं मान उचलली आणि रणजीतच्या हातात, कोपराच्या खाली, जेवढे होते तेवढे दात रुतवले.

मूठ सुटली.

शौर्य घरंगळत बाहेर गेला, शिवलीलानं त्याला छातीशी ओढला. तिचा ओठ फाटलेला, त्याचा खांदा निखळलेला, दोघं एकमेकांना गच्च धरून. रणजीत उठून बसला, हात धरून बोंबलायला लागला, “चावला! बघा, बघा सगळ्यांनी! परत चावला! मॅडम, तुम्ही शब्द दिला होतात! आत्ताच्या आत्ता काढा याला!”

हातातून रक्त वाहत होतं. सगळ्या पालकांचे डोळे शौर्यकडे वळले. पोराच्या तोंडाला लाल माती होती, ती लांबून काय दिसत असेल ते सांगायला नको. भव्याचा चेहरा उतरला. “शौर्य...”

शौर्यनं डोळे मिटले, गाल पुढं केला.

“त्यो न्हाई!” ठकुबाई जमिनीवरूनच म्हणाली. मोडलेला हात पोटाशी धरून ती गुडघ्यांवर आली. “म्या चावलं.”

“खोटं बोलते! पोराला वाचवते!”

“आरं बघ की तुझ्याच हातात.”

रणजीतनं हात वळवला. जखमेत काहीतरी पांढुरकं-तपकिरी अडकलं होतं. महानंदानं जवळ जाऊन, नाक मुरडत, दोन बोटांनी ते उपटलं. अख्खा सुळा! मिश्रीनं रंगलेला, मुळाशी किडलेला, महिनाभर हलत असलेला. दुधाचा दात असा असतो होय? ठकुबाईनं तोंड उघडून रिकामी जागा दाखवली. हिरडीतून रक्त ओघळत होतं, आणि बाई हसत होती.

कुणीतरी मागं खुदकन हसलं. रणजीतचा चेहरा आणखीच तांबडा झाला. “मग हिला काढा! आयांनी चावायचं? ही गेली नाही तर माझी पाच पोरं गेली, पोलिसांत जातो ते वेगळं!”

“अक्का,” भव्या म्हणाली. “अट शौर्यच्या दातांची होती. तुमच्या नाही.”

“मी जाते की.” ठकुबाई उठून उभी राहिली. “शिबिरात दात लागला म्हंजे कुणीतरी जायला पायजे, ह्यास्नी बी बरं वाटंल. पण हितं, समद्यांम्होरं बोला. पोरगं ऱ्हातंय का?”

भव्यानं रणजीतकडे पाहिलं. तशी ठकुबाई त्याच्याकडे वळली.

“तुला इचारतेय मी, रणजीतअण्णा. तुझ्या पोराच्या छातीवर बसलेलं असताना ह्यानं दात लावला का? इचार तुझ्या पोराला.”

प्रणीत बापाच्या पायाशीच होता. बापानं विचारायच्या आत तो म्हणाला, “मी चितपट नव्हतो. माझी पाठ लागली नव्हती. तू मधी आलास, अप्पा!” आणि त्यानं बापाच्या मांडीवर एक सणसणीत गुद्दा हाणला.

रणजीतनं आपला हात रुमालात गुंडाळला. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. शेवटी म्हणाला, “सरी. पोर राहू दे.”

रणजीतच्याच गाडीत सगळे दवाखान्यात गेले, कारण बाकीच्या गाड्या फाटकापासून लांब होत्या. पुढं रणजीत, भुवईला टाके पडायचे. मागं शिवलीला फाटक्या ओठाची, मांडीवर खांदा निखळलेला शौर्य, आणि शेजारी मोडक्या मनगटाची ठकुबाई. प्रणीत मध्ये उभा, सगळ्यांना नावानिशी सांगत होता की कुणी कुणाला कसं मारलं. डॉक्टरनं रणजीतचा हात बघून विचारलं, “कुत्रं का?” रणजीतनं मान डोलावली. पाच इंजेक्शनं लिहून मिळाली. ती त्यानं सगळी घेतली म्हणे.

ठकुबाईनं खोली सोडली. भव्यानं तिला चामराजपेटेत आपल्या मावशीच्या माळ्यावर जागा बघून दिली, गॅसशेजारी, ठेंगणी, उभं राहिलं की डोकं लागायचं. दोन महिने हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं भाकरी थापता येत नाही, त्यामुळे बाई भातावर आली आणि रोज एकदा रणजीतला शिव्या द्यायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात महानंदाचा फोन आला. आवाज रडवेला. “अक्का, काय करू सांगा. ते दोघं. शौर्य आणि प्रणीत. आज घसरगुंडीवर एका नव्या पोरानं प्रणीतला ढकललं, तर या दोघांनी मिळून त्याला बदडला हो! एकानं पाय धरले, एकानं हात, आणि वाळूत लोळवला!”

ठकुबाईनं फोन खांद्याशी दाबला. “मिळून?”

“मिळूनच तर!”

“दात?”

“नाही अक्का. दात नाही, नख नाही. पण...”

“मग पाठ झाडली का त्याची?”

“झाडली,” महानंदा म्हणाली. “तिघं आता एकाच डब्यातलं खातायत. पण त्या पोराची आई आलीय ना ऑफिसात, लाल होऊन! मी काय सांगू तिला?”

प्लास्टरच्या आत हाताला खाज सुटली होती, ती चमच्याच्या दांड्यानं खाजवत ठकुबाई म्हणाली, “तिला आधी बसव. सरबत दे. आन हातात पाण्याची बाटली असली तर काढून घे.”